उन्हाळ्याआधी भरून ठेवायचा प्रथमोपचाराचा डबा

घरगुती औषधं डब्यात जरूर असावीत, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं असावं. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पहिला मान मीठ-साखरेला. ओआरएसची चार-पाच पाकिटं ठेवाच. ती संपली तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरला की मीठ भलतंच वाढतं, आणि जुलाबाने सुकलेल्या लेकराला तेच घातक ठरतं. म्हणून मापाचा चमचा डब्यातच बांधून ठेवा. आधी स्वतः चाखा. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजा. उरलेलं पाणी 24 तासांनंतर वापरू नका.

अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस बरळतोय, तर तो उष्माघात. पन्हं, ताक काहीच पाजू नका; शुद्ध नसताना ते श्वासनलिकेत जातं. 108 ला फोन करा, सावलीत आणा, कपडे सैल करा आणि अंगावर पाणी मारत जोरात वारा घाला. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी झरझर उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. त्यासाठी डब्यात दोन पातळ सुती पंचे हवेत. जाड सोलापुरी टॉवेल ओला करून गुंडाळून ठेवला तर तो अंगाच्या उष्णतेने तापतो आणि वाराही अडवतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचं थांबत नाही.

भाजल्यावर कोरफड, हे बरोबर. पण आधी 20 मिनिटं गार पाणी. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी कढत असतं, तेव्हा नळाखाली हात धरू नका. माठातलं नाहीतर हौदातलं पाणी तांब्याने सोडा, खाली घमेलं ठेवा. बर्फ, तूप, टूथपेस्ट नको. कोरफड डब्यात टिकत नाही, कुंडीतच ठेवा. पात कापून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की पिवळा चीक निथळतो. तो राहिला तर कातडी चुरचुरते. मग साल काढा, गर धुऊन लावा, तोही फक्त लाल झालेल्या कातडीवर. फोड फुटला असेल, किंवा तोंड, हात अथवा मोठा भाग भाजला असेल, तर थेट दवाखाना.

ज्वारी काढताना विळा लागला की हळद दाबायची सवय मोडायला हवी. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेची लाली तिच्या रंगाखाली झाकते आणि टाके घालण्याआधी डॉक्टरांना ती खरवडून काढावी लागते. स्वच्छ गॉज दहा मिनिटं घट्ट दाबा, मध्येच उचलून बघू नका. रक्त थांबलं की वाहत्या पाण्याने धुवा. जखम खोल असेल तर धुवत न बसता, दाब तसाच ठेवून टाक्यांसाठी न्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या.

लवंग तेल दाढदुखीसाठी: कापसावर एक थेंब, तो किडलेल्या दातावरच, हिरडीला लागलं तर पोळतं. बाटली काचेचीच घ्या, हे तेल काही प्लास्टिक खातं. लहान मुलांना ते लावू नका. मध रात्रीच्या खोकल्याला, एक चमचा. वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही नाही. मळमळीला पाव चमचा सुंठ कोमट पाण्यात. कापूर आणि निलगिरी तेल डब्यात नसलेलंच बरं, पोटात गेलं तर मुलांना झटके येतात.

साप-विंचवासाठी डब्यात पाला-मुळी ठेवू नका. दंशाची जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अंगठी, बांगड्या काढा, तो हात-पाय हलू देऊ नका आणि गाडीत घालून लगेच सिव्हिल किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, तर एक मिनिटही दवडू नका.

डबा गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने चिकटपट्टीचा गोंद वितळतो. झाकणाच्या आतून 108, घरातल्यांच्या औषधांच्या ॲलर्जी आणि पाकिटांच्या मुदतीच्या तारखा मार्करने लिहा. होळीला एकदा आणि आषाढीला एकदा डबा उपसून तपासा.