पालकसभेला येताय? या चुका टाळा

वर्गात 45 मुलं. प्रत्येकाच्या पालकांना दहा मिनिटं द्यायची म्हटली तर साडेसात तास लागतात. सभा असते तीन तासांची. म्हणजे तुमच्या वाट्याला चार मिनिटं, आणि त्यातली दोन "काय मॅडम, कसा आहे आमचा अभ्यासात?" यातच जातात.

या प्रश्नाला माझं वीस वर्षं एकच उत्तर आहे: "ठीक आहे, अजून लक्ष द्यायला हवं." विचारणं मोघम, तर सांगणंही मोघम. त्यापेक्षा "घरी शाब्दिक उदाहरणं सोडवतो, पेपरात कोरी ठेवतो, वर्गात काय करतो?" असं विचारा. मग मी वही काढते आणि आपण खरंच काहीतरी बोलतो.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं ऐकून घ्यायला येणं. घरी दिसलेलं "हे काय मॅडमना सांगायचं" म्हणून पोटातच ठेवतात. सहावीत माझ्याकडे एक मुलगी होती. सकाळी हुशार, मधल्या सुट्टीनंतर बाकावर डोकं. मी डायरीत शेरे लिहीत गेले: लक्ष नाही, आळस करते. सभेत आईने मान खाली घालून ऐकलं, घरी जाऊन तिला रागावली, रात्री लवकर झोपवायला लागली. पुढच्या सभेतही तेच. तिसऱ्या सभेत उठताना, खुर्ची मागे सारत, ती सहज म्हणाली, "पाण्याची बाटली मात्र रोज भरलेलीच परत आणते हो. आणि घरात शिरली की चप्पलसुद्धा न काढता बाथरूमकडे पळते."

मी त्याच दुपारी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आले. दाराला कडी नव्हती. जावंच लागू नये म्हणून पोरगी दिवसभर पाणी पीत नव्हती. दुपारी डोकं दुखणार नाही तर काय! अर्धी गोष्ट माझ्याकडे, अर्धी तिच्या आईकडे, आणि मधे सहा महिने गेलेले. कडी दुसऱ्या दिवशी बसली, दोन स्क्रूंचं काम. डायरीतले माझे शेरे मात्र तसेच राहिले.

तेव्हा सभेआधी पंधरा दिवस जे दिसेल ते टिपून ठेवा. झोप, न संपलेला डबा, ठराविक वारीच दुखणारं पोट, अचानक नावडता झालेला विषय. कारण शोधत बसू नका, ते समोरासमोर बसून बघू. माझ्या मुलाच्या शाळेत जाताना मीही चिठ्ठी नेते. त्यावर दोनच मुद्दे. तिसरा लिहिला की एकही धड होत नाही, हा अनुभव.

मुलासमोर "बिनधास्त मारा याला" म्हणू नका. मी मारत नाही, आणि तो तुमचं ते वाक्य विसरत नाही.

दुसऱ्याच्या मुलाचे गुण विचारू नका. सांगणार नाही.

तक्रार वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे दहा जण भर घालतात आणि मी विचार करायचं सोडून बचाव करायला लागते. एकट्याने भेटा, निम्मा राग जिन्यातच उतरतो.

रात्री अकराला "आज गृहपाठ काय आहे?" हा मेसेज तर मला पाठ झालाय. ते मुलाला विचारा. त्याला माहीत नसेल, आणि हे रोजचंच असेल, तर मला कळवण्यासारखी गोष्ट ती आहे. सकाळी कळवा.

शेवटचं, घाई असलेल्यांसाठी. चार दिवसांत फरक दिसला नाही की शिकवणी बदलणारे, थेट मुख्याध्यापकांकडे जाणारे दरवर्षी भेटतात. सभेत ठरलेलं त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठवा: घरी काय करणार, वर्गात काय करायचं, पुन्हा कधी बोलायचं. पाठवाच, कारण 45 जणांशी बोलल्यावर मी विसरते. आणि पुन्हा विचारायचं ते तीन आठवड्यांनी.