जुन्या जिप्सीचे इग्निशन पाण्यात कोरडे कसे ठेवावे

कार्ब्युरेटरची जुनी जिप्सी ओढ्याच्या मध्यावर गचके खाऊन बंद पडते, तेव्हा दोष बहुधा डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला क्रमाने वीज वाटणाऱ्या भागात, शिरलेल्या ओलीचा असतो. बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलमधून निघणारा सुमारे १५,००० ते २५,००० व्होल्टचा दाब सोपी वाट शोधतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, धुळीचा ओला थर असेल तर करंट ठिणगी पाडणाऱ्या प्लगपर्यंत न पोहोचता जवळच्या लोखंडात उतरतो. म्हणून आधी स्वच्छता करावी आणि नंतरच सील लावावे. मळावर लावलेले सील निरुपयोगी असते.

इंजिन थंड असताना कॅप उघडावी. आतून पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर तिथून करंट गळत आहे असे समजून कॅप बदलावी. वायरी एका वेळी एकच काढावी, कारण १-३-४-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम चुकला तर इंजिन नीट चालणार नाही. वायरींच्या रबरी टोप्यांना आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा.

कॅपच्या सांध्यावर सिलिकॉन सीलंट लावता येते. मात्र डिस्ट्रिब्युटर पूर्ण बंद करण्याची चूक अनेक जण करतात. तापलेला डिस्ट्रिब्युटर थंड पाण्यात गेला की आतली हवा आकुंचन पावते आणि सापडेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. शिवाय ठिणगीमुळे तयार होणारा ओझोन आत कोंडून धातू गंजवतो. त्यामुळे हवेचे छिद्र बुजवू नये, त्याला बारीक नळी जोडून ती एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत न्यावी.

एखाद्याच फेरीसाठी जाड रबरी हातमोजा उत्तम काम देतो: बोटांची टोके कापून चार बोटांतून प्लगच्या चार वायरी आणि अंगठ्यातून कॉइलची वायर काढावी, मोजा कॅपवर ओढून मनगटाकडची कड घट्ट बांधावी.

तपासणी रात्री करावी. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारला, तर गळतीच्या जागी निळ्या ठिणग्या लुकलुकताना दिसतात. या वेळी हात मात्र दूर ठेवावा.

इंजिनवर पाणी उडवण्याचे मोठे काम रेडिएटरचा पंखा करतो, म्हणून उतरण्यापूर्वी ग्रिलसमोर ताडपत्री बांधावी आणि पाण्यात सावकाश, एकाच वेगाने जावे. इग्निशन कितीही कोरडे राहिले तरी एअर फिल्टरच्या तोंडाशी पाणी येईल अशा खोलीत गाडी घालू नये. वाहत्या पाण्यात तर त्याहून कितीतरी आधी थांबावे. पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

पलीकडे पोहोचल्यावर ताडपत्री आणि मोजा लगेच काढावा, ब्रेक हलके दाबून सुकवावेत आणि त्याच संध्याकाळी कॅप उघडून आतून कोरड्या फडक्याने पुसावी.