ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाचं खाणं: या चुका टाळा

ऑपरेशन होऊन आजी घरी आल्या की इंदूरच्या मराठी घरांत काय शिजतं, ते मी न विचारता सांगते: मुगाचं पाणी, मऊ भात, साबुदाण्याची खीर. 'हलकं हवं ना, ताई!' हलकं असू दे हो, पण त्यात प्रोटीन कुठे आहे? डाळीचं सत्त्व तळाशी बसतं. आजींना वरचं पाणी आणि घट्ट वरण नातवाला, हा कुठला न्याय?

रामबागेतल्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. टाके सुकलेले, एक्स-रे उत्तम, पण वॉकर धरून उभं केलं की मांड्या लटलट कापायच्या. सून म्हणाली, "दिवसभर काही ना काही देतेच की!" देत होती खरी: चहा-टोस्ट, नारळपाणी, पेज, पुन्हा चहा. कवळी हॉस्पिटलातून आणलेल्या पिशवीत तशीच बांधलेली! आजींचं वजन 50 किलो. अशा वेळी दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रोटीन लागतं. बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला.

मी आधी कवळी घालायला लावते. पोहे बंद करत नाही, इंदुरात राहायचंय मला! सोबत उकडलेलं अंडं द्या, त्यात 6 ग्रॅम आहेत. अंडं चालत नसेल तर पनीर. पेज पाण्याऐवजी दुधात. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आकडा डॉक्टरच ठरवतील.

दुसरी चूक ऑपरेशनच्या आधीची. सकाळी अकराचं ऑपरेशन आणि आदल्या संध्याकाळपासून आजोबा निर्जळी, जणू एकादशीच! साधारणपणे हलकं खाणं सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि ते सांगतील तेच करा.

लोहाची गोळी चहासोबत नको. वेदनेच्या काही गोळ्यांनी शौचाला होत नाही आणि मग भूकच मरते. तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. शुगर वाढेल म्हणून उपाशी ठेवू नका, डॉक्टरांकडून औषधाचं प्रमाण बदलून घ्या.

आणि तिसऱ्याच दिवशी "ताई, पावडर कुठली आणू?" असं विचारणाऱ्या भाच्यांनो, आधी ताटातलं वरण घट्ट करा. तरीही भागलं नाही तर पावडरीचं बघू.