पीडीएफमधून साधा मजकूर काढताना

पीडीएफ उघडायची, सगळं निवडून कॉपी करायचं, नोटपॅडमध्ये चिकटवायचं. एवढ्यात भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही. पण बहुतेक फायलींत ओळी मध्येच तुटतात, दोन स्तंभ एकमेकांत मिसळतात, पानांचे आकडे वाक्यात घुसतात, आणि मजकूर मराठी असेल तर ‘पाहिजे’चं ‘पािहजे’ होऊन बसतं.

हा दोष कॉपी करण्याच्या पद्धतीचा नाही. पीडीएफ १९९३ साली आली ती पानाचं रूप जपण्यासाठी: पान कुठेही उघडा, जसंच्या तसं दिसलं पाहिजे. त्यामुळे फाईलच्या पोटात वाक्य किंवा परिच्छेद बहुधा नसतातच. ‘हा फॉन्ट घे, डाव्या कडेपासून ७२ पॉइंट आणि खालच्या कडेपासून ७०० पॉइंटवर जा, चिन्ह क्रमांक ४१ उमटव’ अशा सूचनांची ती रांग असते (एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग). दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अनेकदा नोंदवलेली नसते, नुसतं अंतर सोडलेलं असतं. मजकूर काढणारं प्रत्येक साधन ही अंतरं मोजून शब्द आणि ओळी ताडतं. ते कधी चुकणार हे आधी ओळखता आलं, की निम्मं काम झालं.

त्याआधी एक विचारून घ्या: मूळ फाईल कुणाकडे आहे का? वर्डची, इनडिझाइनची, लाटेकची, कसलीही. एका निरोपावर ती मिळाली तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

आधी फाईल ओळखा

खाली मुख्यतः पॉपलर या मोफत संचातल्या आज्ञा दिल्या आहेत. नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाईप करायची. नावातला ‘टू’ म्हणजे टी आणि ओ ही अक्षरं; फक्त ‘पीएसटूपीडीएफ’मध्ये तो २ हा अंक आहे. पर्यायांच्या आधी हायफन आणि नंतर फाईलचं नाव.

पानावर दिसणारा एखादा शब्द शोधपट्टीत टाका. सापडला, तर मजकूर बहुधा ठीक आहे. माउसने ओळ निवडताच येत नसेल, तर पान म्हणजे नुसतं चित्र आहे. ओळ निवडता येते पण शब्द सापडत नाही, ही तिसरी आणि सगळ्यात फसवी अवस्था.

आता ‘पीडीएफफॉन्ट्स’ चालवा. फाईलमधल्या प्रत्येक फॉन्टची एक ओळ येईल. त्यातला ‘युनि’ हा रकाना पाहा. तिथे ‘यस’ असेल तर चिन्ह क्रमांकावरून युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) अक्षर सांगणारा तक्ता फाईलमध्ये आहे. ‘नो’ असेल आणि फॉन्ट देवनागरी असेल, तर कॉपी केल्यावर कचराच येणार. ‘यस’ असूनही तक्ता चुकीचा असू शकतो, म्हणून शोधून पाहण्याची चाचणी चुकवू नका. यादीत एकही फॉन्ट नसेल तर फाईल बहुधा स्कॅन केलेली आहे, किंवा अक्षरांच्या नुसत्या आकृत्या केलेल्या आहेत. ‘ग्लिफलेसफॉन्ट’ असं नाव दिसलं, तर आधीच कुणीतरी ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, चित्रावर अदृश्य मजकूर पसरलेला आहे. तो कितपत बरोबर आहे ते चार ओळी वाचून ठरवा. टाकाऊ असेल तर स्वतः नव्याने ओसीआर करणं बरं.

पोस्टस्क्रिप्ट (छपाईयंत्राला पान सांगणारी जुनी भाषा) फाईल असेल तर घोस्टस्क्रिप्ट या मोफत साधनातल्या ‘पीएसटूपीडीएफ’ने तिची पीडीएफ करून घ्या आणि याच वाटेने चला. ‘पीआरएन’ शेपटीची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडा. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस ही अक्षरं दिसली तर ती पोस्टस्क्रिप्टच आहे.

मजकूर चांगला असेल तर

‘पीडीएफटूटेक्स्ट’ ही आज्ञा तीन तऱ्हांनी चालते. काहीच पर्याय दिला नाही, तर ती वाचनाचा क्रम ओळखायचा प्रयत्न करते. दोन स्तंभांच्या मासिकाला बहुधा हीच बरी. ‘लेआउट’ दिला की पान जसं दिसतं तसं मोकळ्या जागा भरून उभं करते. तक्त्यांना हे उत्तम, पण दोन स्तंभांचा मजकूर एकाच ओळीत शेजारी-शेजारी येतो. ‘रॉ’ दिला की चिन्हं फाईलमध्ये ज्या क्रमाने नोंदली आहेत त्याच क्रमाने बाहेर पडतात. पहिल्या दोन्हींत गोंधळ झाला की हा करून पाहावा, कधीकधी अगदी अचूक निघतो. ‘एफ’ आणि ‘एल’ या पर्यायांनी पहिलं आणि शेवटचं पान देता येतं. आधी मधलीच पाच पानं तिन्ही तऱ्हांनी काढा आणि मग तऱ्हा निवडा. पहिल्या पानावरून निवडू नका, ते नेहमी वेगळंच असतं.

पानाचा मथळा आणि तळाचा क्रमांक नंतर शोधून पुसण्यापेक्षा काढतानाच गाळावेत. ए-फोर पान ५९५ बाय ८४२ पॉइंटांचं असतं. तुमच्या फाईलचं माप ‘पीडीएफइन्फो’ सांगेल. वरचे ६० आणि खालचे ६० पॉइंट वगळायचे तर हे पर्याय द्या: सुरुवातीसाठी एक्स ० आणि वाय ६०, रुंदीसाठी मोठा डब्ल्यू ५९५ आणि उंचीसाठी मोठा एच ७२२. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते. आज्ञेचं मूळ रिझोल्यूशन ७२ असल्याने इथे एक पिक्सेल म्हणजे एक पॉइंट, वेगळा हिशेब लागत नाही. असंच मोजून डावा आणि उजवा स्तंभही वेगळा काढता येतो, पण ते एकेका पानावर करा. सगळ्या फाईलवर एकदम केलंत तर आधी सगळे डावे स्तंभ येतील, मग सगळे उजवे.

ओळी जोडणं

इथे क्रम चुकला की परत सुरुवातीपासून. आधी कच्च्या मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. कविता, पत्ते, याद्या आणि तक्तेही वेगळ्या फायलीत हलवा, कारण पुढची कृती त्यांच्या ओळी एकत्र करून टाकते.

पहिलं काम पानबदलाची चिन्हं काढणं. प्रत्येक पानाच्या शेवटी ‘फॉर्म फीड’ हे न दिसणारं चिन्ह येतं आणि पानावरून पुढे गेलेला परिच्छेद तिथे तुटतो. त्यानंतर ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द. हायफन आणि लगेच नवी ओळ दिसली की जोडायचं, पण डोळे मिटून नाही. ‘देवाण-घेवाण’ नेमकी हायफनवरच मोडली असेल तर ती ‘देवाणघेवाण’ होईल. एकेक बघत बदला.

आता परिच्छेद. कोऱ्या ओळीने वेगळे केलेले असतील, तर लागोपाठ दोन ओळबदलांच्या जागी मजकुरात कुठेच नसलेली खूण टाका, उदाहरणार्थ तीन पिलक्रो चिन्हं (¶¶¶). पुस्तकांत मात्र परिच्छेदाच्या पहिल्या ओळीला नुसती आत जागा सोडलेली असते. तिथे ‘लेआउट’ने काढलेला मजकूर घ्या आणि ‘ओळबदल, त्यापुढे दोन ते पाच मोकळ्या जागा’ या रचनेच्या जागी खूण टाका. खुणा पडल्या की उरलेल्या प्रत्येक ओळबदलाऐवजी एक मोकळी जागा, मग एकाहून जास्त जागांची एक, आणि शेवटी खुणेच्या जागी पुन्हा ओळबदल. उत्साहात जास्तीच्या जागा आधी साफ केल्यात, तर परिच्छेद ओळखायचा एकमेव पुरावा गेला.

तळटीपांचे बारीक आकडे शब्दांना चिकटतात. ‘२०१९’वर चौथी टीप असेल तर हाती ‘२०१९४’ येतं, आणि ते कुणाला खटकतही नाही. चारहून जास्त अंकी संख्या शोधून प्रत्येक मूळ पानाशी ताडा. इंग्रजी मजकुरात एफ आणि आय यांचं जोडचिन्ह एकच अक्षर म्हणून येतं, त्यामुळे तो शब्द शोधात सापडत नाही. युनिकोडचं ‘एनएफकेसी’ रूपांतर (विशेष चिन्हांची साधी अक्षरं करणारं) ते सोडवतं, पण त्याच झटक्यात ‘दहाचा वर्ग’चं एकशे दोन करतं, कारण वर चढवलेला दोन ते साधा दोन बनवतं. गणिताच्या मजकुरावर ते वापरू नये.

मराठी मजकुराची खास डोकेदुखी

पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, पण युनिकोडमध्ये साठवतात नंतर. रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, साठवतात त्याच्या आधी. पीडीएफचा तक्ता एकेका चिन्हाचं अक्षर सांगतो, चिन्हांचा क्रम बदलत नाही. म्हणून ‘अर्थ’चं ‘अथर्’ आणि ‘वर्षा’चं ‘वषार्’ होतं.

काही चुका उघड दिसतात. शब्दाच्या सुरुवातीला किंवा काना-मात्रेनंतर वेलांटी आली, शब्द ‘र्’ने संपला, की घोळ नक्की. पण ‘महिना’ बिघडून ‘मिहना’ होतो, ‘मार्गदर्शक’चा ‘मागर्दशर्क’. यात नियमाविरुद्ध काहीच नाही, त्यामुळे फक्त उघड चुका दुरुस्त करणारी आज्ञा अशा शब्दांना हातही लावणार नाही. म्हणून निर्णय शब्दागणिक घ्यायचा नाही, फॉन्टागणिक घ्यायचा. एका फॉन्टमधल्या पंचवीस-तीस वेलांट्या तपासा. सगळ्या उलट्या असतील, तर त्या फॉन्टमधली प्रत्येक वेलांटी पुढच्या संपूर्ण जोडाक्षरानंतर न्या, नुसत्या एका व्यंजनानंतर नाही. ‘स्थिती’त ती ‘स्’नंतर अडकली तर आणखी वाट लागेल. रफार तसाच मागे न्यायचा, अक्षर, जोडाक्षर आणि मात्रा ओलांडून.

जुन्या फॉन्टांचं दुखणं वेगळं. कृतिदेवमध्ये टाईप केलेला ‘मराठी’ हा शब्द कॉपी केला तर ई, जे, के, मोठा बी, एच अशी रोमन अक्षरं मिळतात, कारण फॉन्टने त्या अक्षरांच्या जागी म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांची चित्रं बसवलेली असतात. यांना त्याच फॉन्टचा रूपांतरक लागतो. कृतिदेवचा श्रीलिपीला चालत नाही. फॉन्टचं नाव ‘पीडीएफफॉन्ट्स’च्या यादीत असतं, त्याच्या आधीची सहा मोठी अक्षरं आणि अधिकचिन्ह सोडून द्या. मजकुरात खरे इंग्रजी शब्द असतील तर रूपांतरक त्यांचीही मराठी करून टाकतो. ते टाळायला ‘पीडीएफटूएचटीएमएल’ ‘एक्सएमएल’ पर्यायाने चालवा. त्यात प्रत्येक तुकड्यासोबत फॉन्टचा क्रमांक मिळतो, आणि फक्त मराठी फॉन्टचे तुकडे रूपांतराला देता येतात.

आणि हे सगळं फार किचकट वाटलं, तर सरळ ओसीआर करा. ही पळवाट नाही, बऱ्याचदा शहाणपणाची वाट आहे. तक्ता बिघडलेला असला तरी पान दिसायला स्वच्छ असतं: डाग नाहीत, तिरकेपणा नाही, मागच्या पानाची छाया नाही. ओसीआरला याहून चांगलं चित्र मिळत नाही.

ओसीआर

‘पीडीएफटूपीपीएम’ने ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), राखाडी छटेत, पीएनजी चित्रं काढा. आठ पॉइंटांहून बारीक टाईप असेल तर ४००. मग टेसरॅक्ट हे ओसीआरचं मोफत साधन, भाषा ‘एमएआर’ आणि अधिकचिन्ह लावून ‘ईएनजी’. इंग्रजी शब्द अजिबात नसतील तर दुसरी भाषा देऊ नका, उगाच मराठी अक्षरांत रोमन सापडू लागतं. पानाची मांडणी ‘पीएसएम’ने (आधी दोन हायफन) सांगता येते: ३ म्हणजे स्वतः ओळख, ४ म्हणजे एक स्तंभ, ६ म्हणजे सलग एकच चौकट. स्तंभ मिसळत असतील तर चित्र कापून एकेक स्तंभ ६ने वाचवा.

स्कॅन तिरका असेल तर ‘ओसीआरमायपीडीएफ’ या साधनाला ‘डेस्क्यू’ पर्याय द्या, इथेही आधी दोन हायफन. ‘साइडकार’ दिला की मजकुराची वेगळी फाईलही मिळते.

मराठीत चुका ठरावीक ठिकाणी होतात: व आणि ब, घ आणि ध, भ आणि म, ‘ख’चं ‘रव’, गळालेले अनुस्वार, १ आणि ९. शब्द चुकला तर वाचताना लक्षात येतो, आकडा येत नाही. रकमा, तारखा आणि पानक्रमांक प्रत्येक वेळी मूळ चित्राशी ताडून पाहावे लागतात, त्याला दुसरा इलाज नाही.

शेवटची झाडझूड

‘दुसऱ्या’मधला ऱ दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: थेट ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून. डोळ्यांना सारखेच, शोधाला वेगळे. दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घ्या, युनिकोडचं ‘एनएफसी’ रूपांतर हे करत नाही. ‘ॲ’चंही तसंच, कुठे ते एकच अक्षर असतं, कुठे ‘अ’वर चंद्र.

फाईल यूटीएफ-८ या युनिकोडच्या नेहमीच्या स्वरूपात साठवा. मग मजकुरातल्या प्रत्येक वेगळ्या अक्षराची यादी आणि ते किती वेळा आलं याची मोजणी करा. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम. यादीच्या तळाशी, एकदोनदाच आलेल्या अक्षरांत, सगळा उरलेला कचरा सापडतो: भटकी तमिळ अक्षरं, न तुटणाऱ्या मोकळ्या जागा, मऊ हायफन. युनिकोडच्या खासगी पट्ट्यातलं, म्हणजे ई०००पासून एफ८एफएफपर्यंतचं, एकही चिन्ह दिसलं तर त्या जागी मूळ पानावर काहीतरी छापलेलं आहे आणि तुमच्या फायलीत ते आलेलं नाही. ते पान उघडून हातानेच भरा.