घरात वटवाघूळ शिरलं तर आधी पंखा बंद करा

रात्री खोलीत वटवाघूळ घिरट्या घालू लागलं की कुणी डोक्यावर चादर ओढतं, कुणी झाडू शोधायला धावतं, कुणी नुसतंच किंचाळतं. या धांदलीत सगळ्यात तातडीचं काम राहून जातं: छताचा पंखा बंद करणं. किडे खाणारं लहान वटवाघूळ बहुधा 5 ते 20 ग्रॅम वजनाचं असतं. पात्याच्या एका फटक्यात ते मरेल.

ते केसांत अडकत नाही. अंगावर झेपावतंय असं वाटतं खरं, पण भिंतीपाशी वळताना त्याचा वेग कमी होतो आणि तो परत मिळवायला ते खोलीच्या मध्यावर खाली येतं. म्हणून मधोमध उभं राहू नका, भिंतीला टेकून उभे राहा.

आतल्या खोल्यांची दारं लावून घ्या, मांजर असेल तर तिला दुसरीकडे ठेवा. बाहेरच्या खिडक्या सताड उघडा. डासांची जाळीही सरकवा, ती हमखास विसरली जाते. बाहेरचा दिवा मालवा, आत दिसण्यापुरता मंद उजेड राहू द्या आणि गप्प बसा. बहुतेकदा 10-15 मिनिटांत ते निघून जातं. झाडू किंवा टॉवेल फिरवू नका. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेलं कातडं, ती नाजूक हाडं सहज मोडतात.

दमून ते पडद्यावर किंवा भिंतीवर बसलं, तर काम सोपं होतं. जाड हातमोजे घाला, त्याच्यावर हळूच डबा पालथा धरा आणि मागून जाड पुठ्ठा सरकवा. बाहेर सोडताना जमिनीवर ठेवू नका, कारण पुष्कळ जातींना सपाट जमिनीवरून उडता येत नाही. खडबडीत खोडाला किंवा भिंतीला साधारण दीड मीटर उंचीवर डबा आडवा टेकवून पुठ्ठा काढा. दिवसा सापडलं तर बारीक भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ सुती कापड घालून अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि संध्याकाळी सोडा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या गुंततात.

उघड्या हातानं मात्र कधीच धरू नका. वटवाघळापासून रेबीज होऊ शकतो आणि त्याच्या चाव्याची खूण दिसेलच असं नाही. चावलं, ओरखडलं, किंवा झोपलेल्या माणसाच्या अथवा लहान मुलाच्या खोलीत सापडलं, तर त्याला सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी जा.

वटवाघूळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर दिवस मावळताना बाहेरून छपराची कड, एसीच्या पाइपाचं भोक, खिडकीची चौकट यांवर लक्ष ठेवा. दीड सेंटीमीटरची फट त्याला पुरते. फट लगेच बुजवली तर आतली वटवाघळं अडकून मरतात. तिच्यावर बारीक विणीची जाळी लावा: वरची आणि बाजूच्या कडा पक्क्या, खालची मोकळी, फटीखाली सुमारे 60 सेंटीमीटर लोंबती. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. आठवडाभर निरीक्षण करा, कुणी बाहेर येत नाही अशी खात्री झाल्यावर फट सिमेंटनं बंद करा. आत न उडणारी पिल्लं असतील तर ती उडू लागेपर्यंत थांबा. लहान जातींत त्याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात.