पार्किंग कंपनीचं पत्र आलंय? घाबरून या चुका करू नका

मागच्या हिवाळ्यात आमच्या दारात एक पत्र पडलं. आत गाडीचे दोन काळेपांढरे फोटो. दोन्हींत नंबरप्लेट तेवढी लख्ख. एकाखाली सकाळची वेळ 10:12, दुसऱ्याखाली संध्याकाळची 5:41. मोफत पार्किंगची तीन तासांची मर्यादा ओलांडली म्हणून 100 पौंड भरा, 14 दिवसांत भरलेत तर 60. बायको म्हणाली, "भरून टाक रे, कशाला डोक्याला ताप?"

पण त्या रिटेल पार्कमध्ये आम्ही साडेसात तास नव्हतोच. सकाळी मुलीचे बूट बदलायला वीस मिनिटं गेलो होतो आणि संध्याकाळी परतताना दूध-ब्रेड घ्यायला थांबलो होतो. कॅमेऱ्याने सकाळचं आत येणं आणि संध्याकाळचं बाहेर पडणं जोडलं, मधल्या दोन नोंदी निसटल्या. याला इथे 'डबल डिप' म्हणतात आणि हे नेहमी घडतं. दुपारी दुसऱ्या गावात भरलेल्या पेट्रोलची पावती गाडीच्या कप्प्यात सापडली. फोनमधल्या नकाशावर दिवसभराचा प्रवासही होता. दोन्ही जोडून अपील केलं आणि नोटीस रद्द झाली. तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांची अशी पत्रं माझ्याकडे येतात. बहुतेक जण एक तर घाबरून त्याच रात्री पैसे भरतात, नाहीतर पत्र सरळ कचऱ्यात टाकतात. दोन्हींत नुकसान आपलंच. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

पत्र कोणाचं आहे हे न बघणं

'पीसीएन' ही अक्षरं दोन वेगळ्या कागदांवर असतात. कौन्सिलचा असतो तो पेनल्टी चार्ज नोटीस. त्यामागे कायद्याने दिलेला अधिकार आहे आणि दुर्लक्ष केलं तर प्रकरण थेट बेलिफपर्यंत, म्हणजे जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जातं. खासगी कंपनीचा असतो तो पार्किंग चार्ज नोटीस. त्यांचं म्हणणं एवढंच, की आवारात फलक होता, गाडी लावून तुम्ही करार मान्य केला आणि मग तो मोडला. हा दंड नव्हे, पैशांची मागणी आहे. त्याने लायसन्सवर पॉइंट लागत नाहीत, पोलिसांचा संबंध नाही. खासगी जागेत चाकाला क्लॅम्प लावण्यावर 1 ऑक्टोबर 2012 पासून बंदी आहे.

म्हणून आधी वरची ओळ वाचा, मग कंपनीचं नाव आणि ती बीपीए की आयपीसी, पार्किंग कंपन्यांच्या या दोनपैकी कोणत्या संघटनेची सभासद आहे ते बघा. पुढचं अपील त्यावर ठरतं. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवर किंवा मशीनवर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर पैसे भरू नका. त्यात फसवणूक फार चालते.

"फाडून टाका, काही होत नाही"

हा सल्ला देणारे काका प्रत्येक मंडळात भेटतात. त्यांचं म्हणणं एके काळी बरंचसं खरं होतं. गाडी कोण चालवत होतं हे कंपनीला सिद्ध करता येत नसे आणि मालकाला धरता येत नसे. 2012 च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने ते बदललं. अटी पाळल्या, तर नोंदणीकृत 'कीपर'कडूनही, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडूनही, वसुली करता येते. नाव-पत्ता त्यांना डीव्हीएलए ही वाहननोंदणीची सरकारी संस्था देते, दर नोंदीला अडीच पौंड घेऊन.

रक्कम अवाजवी आहे म्हणून कोर्ट ती उडवून लावेल, हा आधारही नोव्हेंबर 2015 मध्ये गेला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा 56 मिनिटं जास्त थांबल्याबद्दल 85 पौंड मागितले होते. पार्किंगआय विरुद्ध बीविस म्हणून गाजलेल्या त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते पैसे योग्य ठरवले. काकांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

"सॉरी, मीच गाडी लावली होती"

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती आपण सभ्यपणापायी करतो. उत्तराची सुरुवातच "मी दुकानात गेलो आणि मला उशीर झाला" अशी होते. त्या एका वाक्याने तुम्ही चालक असल्याची कबुली दिली. आता कंपनीने कीपरसाठीच्या अटी पाळल्या की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

त्या अटी कडक आहेत. काचेवर काही लावलं नसेल आणि फक्त कॅमेऱ्याच्या आधारे पत्र आलं असेल, तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून 14 दिवसांच्या आत ते कीपरच्या पत्त्यावर पोचायला हवं. काचेवर पिवळ्या पिशवीत नोटीस लावली असेल, तर टपालाने येणारी नोटीस त्यानंतर साधारण 29 ते 56 दिवसांच्या दरम्यान यायला हवी. मुदत चुकली तर कायद्यानुसार कीपरवर जबाबदारी टाकता येत नाही. पोलिसांनी विचारलं तर चालक कोण हे सांगणं बंधनकारक आहे. खासगी कंपनीला ते सांगण्याची सक्ती नाही.

म्हणून उत्तर "या वाहनाचा कीपर या नात्याने" असं लिहा. 'मी' ऐवजी 'चालक' म्हणा. यात खोटं काही नाही. खोटं मात्र लिहू नका, दुसऱ्याचं नाव तर मुळीच घालू नका. कागद आला की पाकिटावर पोचल्याची तारीख लिहून ठेवा.

विमानतळाची गोष्ट वेगळी. आईवडील भारतात परत निघतात तेव्हा आपण त्यांना सोडायला ड्रॉप-ऑफला जातो. हीथ्रोला तिथे पैसे घ्यायला खिडकी नाही की बूम नाही. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायचे असतात. रडारडीत आणि बॅगांच्या गडबडीत हे हमखास राहतं. पण बायलॉ, म्हणजे स्वतःचे कायदेशीर स्थानिक नियम, लागू असलेल्या विमानतळाच्या जमिनीला 2012 चा कीपरचा नियम लागू होत नाही. तिथे चालक जाहीर करण्याची घाई अजिबात नको.

अपिलात रडगाणं, पुरावा नाही

"मी दहा वर्षं इथे टॅक्स भरतो" या वाक्याने कोणतीच नोटीस रद्द होत नाही. फलकाचा फोटो, दुकानाची पावती, मशीनचं तिकीट, बँकेची नोंद, यांनी होते. शक्य असेल तर त्याच वेळी पुन्हा जाऊन प्रवेशापाशी फलक दिसतो का, अंधारात वाचता येतो का, याचे फोटो काढा. ऑक्टोबर 2024 पासून दोन्ही संघटनांची एकच आचारसंहिता आहे. ठरलेली वेळ संपल्यावर 10 मिनिटांची सवलत तिच्यात आहे. आत शिरून फलक वाचून परत फिरायलाही बहुतेक ठिकाणी किमान 5 मिनिटं मिळतात. नंबर टाकताना शून्याच्या जागी ओ पडला, एखादं अक्षर चुकलं, पण पैसे भरलेले असले तर नोटीस रद्द व्हायला हवी. नवऱ्याच्या गाडीत बसून बायकोच्या गाडीचा नंबर टाकला, तर ती मोठी चूक धरतात आणि 20 पौंडांवर मिटवतात.

आणखी एक साधा उपाय कुणी करत नाही. ज्या दुकानात खरेदी केली तिथल्या मॅनेजरला पावती घेऊन भेटा. जागा त्यांची असेल तर बरेचदा एका ईमेलवर काम होतं.

कंपनीने नकार दिला की पुढचं अपील बाहेरच्या अपील सेवेकडे. बीपीएवाल्यांसाठी पोपला, मुदत 28 दिवस. आयपीसीवाल्यांसाठी आयएएस, मुदत 21 दिवस. पोपलाला फी नाही आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पण तिथे हरलात तर सवलतीचा दर हातचा जातो. चूक उघड आपलीच असेल आणि नोटीस मुदतीत आली असेल, तर 60 पौंड भरून मोकळं होणं मला शहाणपणाचं वाटतं.

कोणत्या पत्राला घाबरायचं ते न कळणं

वसुली कंपन्यांची लाल अक्षरांची पत्रं येतात, 100 चे 170 होतात. ही माणसं बेलिफ नाहीत. घरात शिरण्याचा, सामान उचलण्याचा त्यांना अधिकार नाही. कोर्टात जाण्याआधीचं औपचारिक पत्र, 'लेटर ऑफ क्लेम', आलं की मात्र सावध व्हा, उत्तराला 30 दिवस असतात. त्यानंतर नॉर्थॅम्प्टनहून कोर्टाचा क्लेम फॉर्म येतो, तो एक दिवसही बाजूला ठेवू नका. त्यावरच्या तारखेनंतर 5 दिवसांनी तो पोचला असं धरतात, आणि तिथून 14 दिवस. पोच दिल्याची ऑनलाइन नोंद केली तर बचाव मांडायला एकूण 28 दिवस मिळतात. सुनावणीत हरलात आणि महिन्याच्या आत पैसे भरलेत, तर कोर्टाच्या निकालांच्या नोंदवहीत नाव राहत नाही.

जुना पत्ता

आपल्या आयटीवाल्यांचा घात करणारं ठिकाण हेच. स्लाउचं भाड्याचं घर सोडून रेडिंगला जातो, मध्येच दोन वर्षांसाठी पुण्याला बदली होते. लायसन्सवरचा पत्ता बदलतो, पण गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, राहून जातो. दोन्ही वेगळे बदलावे लागतात. माझ्या एका मित्राच्या जुन्या घरी क्लेम फॉर्म गेला, उत्तर नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला, आणि त्याला ते मॉर्गेज नाकारलं तेव्हा कळलं. असा सीसीजे, म्हणजे कौंटी कोर्टाचा निकाल, सहा वर्षं क्रेडिट फाइलवर राहतो. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जातही दिवाणी कोर्टाचा असा निकाल तुमच्याविरुद्ध आहे का, हे विचारतात. तिथे "नाही" लिहिणं पार्किंगच्या पैशांपेक्षा कितीतरी महागात पडेल.

तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर एन244 फॉर्म भरून निकाल रद्द करण्याची मागणी करता येते. फी सुमारे 300 पौंड आहे, उत्पन्न कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. कळल्याबरोबर लगेच अर्ज करा, कारण उशीर का केला हे न्यायाधीश विचारतात. त्या पत्त्यावर तुम्ही राहत नव्हता याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची बिलं, पासपोर्टवरचे शिक्के, सोबत जोडा. मदतीला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आहे, ते पैसे घेत नाहीत. आणि गाडी विकून भारतात परतणार असाल तर विक्रीची नोंद डीव्हीएलएकडे स्वतः करा, डीलरवर सोडू नका.