गोष्टीच्या तासासाठी नवी चित्रपुस्तकं निवडताना या चुका टाळा

बालवाडीत पुस्तक उघडलं की मागून हाक येते, "ताई, दिसत नाही!" चित्रकाराने जीव ओतलेला असतो, गोष्टही छान असते, आणि तरी पाचव्या पानाला मुलं चुळबुळायला लागतात. दोष मुलांचा नसतो. एका मुलाला मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक आपण वीस जणांपुढे धरलेलं असतं.

हातात धरूनच पसंत करणं

दुकानात किंवा मोबाईलवर पुस्तक आपण हातभर अंतरावरून बघतो. तसं न करता ते भिंतीला टेकवून ठेवा, आठ-दहा फूट मागे जा आणि जमिनीवर बसा. कोण आहे, काय करतंय, चेहरा हसरा आहे की रडवेला, हे तिथून कळायला हवं. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मुख्य पात्र नेमकं मधल्या घडीत गेलंय का, तेही बघा. पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. पाठीला चिकटवलेलं जाड पुस्तक मात्र मिटायला बघतं, आणि एका हाताने ते धरणं अवघड जातं. गुळगुळीत कागदावर उजेड चमकतो. खिडकी आपल्या पाठीशी असेल तर चित्र काळवंडतं, मुलांच्या पाठीशी असेल तर पान चकाकतं. ती बाजूला येईल असं बसा.

मनात वाचून निवडणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. मराठीतली बरीच नवी चित्रपुस्तकं अनुवादित असतात. त्यातली काही अनुवाद आहेत हे जाणवतही नाही, इतकी सुरेख उतरलेली असतात. काहींमध्ये मात्र चार वर्षांची मुलगी म्हणते, "माझा फुगा कुठे असू शकतो?" आपल्या वर्गातली मुलगी म्हणेल, "अगं बाई, फुगा गेला कुठे?" पाण्यात पडलेला बेडूक 'स्प्लॅश' करत असेल तर तिथे 'डुबुक' हरवलेलं आहे. तीन-चार वर्षांची मुलं आधी नाद ऐकतात, अर्थ मागून येतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी निदान चार पानं मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, किंवा वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला झाली, तर पुस्तक खाली ठेवा. वाचता वाचता तुमचा हात आपोआप हलला, आवाज बदलला, तर ते घ्याच.

यमकासाठी ओढूनताणून आणलेले शब्दही मोठ्याने वाचताना लगेच उघडे पडतात.

पातळीचा आकडा चुकीचा वाचणं

प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर 2015पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. तिथे गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या असतात. 'बालवाडी म्हणजे पहिली पातळी' असं धरून आपण पुढे बघतच नाही. पण ही पातळी मुलाने स्वतः वाचण्यासाठी आहे. ऐकताना मुलं त्याहून कितीतरी पुढची भाषा पेलतात. दुसऱ्या पातळीतली, घडामोडी भरपूर असलेली गोष्टही चालू शकते. पानावर मजकूर किती, हे मात्र बघा. चित्र बघून झालं आणि आपलं वाचन सुरूच आहे, की मुलं सुटली.

नवं म्हणून घेतलेलं पुस्तक कधी पुनर्मुद्रण निघतं. पहिली आवृत्ती कोणत्या वर्षाची, ते आतल्या पानावर छापलेलं असतं. जुनं पुस्तक चांगलं असेल तर घ्याच, फक्त ते आपल्या कपाटात आधीपासून नाही ना, हे तपासा.

'यातून काय शिकलो?'साठी निवडणं

दात घासा, खोटं बोलू नका, भाजी खा. गोष्टीआधी धडा ठरवून लिहिलेलं पुस्तक मुलांना तिसऱ्या पानावर ओळखू येतं. रुसलेल्या, चिडलेल्या, घाबरलेल्या मुलाला आहे तसं राहू देणारी गोष्ट शोधा.

तरीही गोष्ट फसली तर

मुलं कोणत्या पानावर उठली, त्याची पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी तिथला मजकूर गाळून फक्त चित्र दाखवा. दर पानाला "हे काय आहे? रंग कोणता?" असं विचारत असाल तर ते थांबवा, गोष्टीचा धागा तिथेच तुटतो. दोन-तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही, तर पुस्तक वाचनकोपऱ्यात ठेवा. मागच्या ओळीतून न दिसलेली मुंग्यांची रांग तिथे पालथं पडून दोघं जण बोटाने मोजत बसतात.